गेममधली लोहारकी परवडते का? ऑनलाइन गेममधल्या क्राफ्टिंगचा हिशोब

वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यात, आगाशी वगैरे भागात राजेळी केळ्यांची सुकेळी बनते. ज्याच्या वाडीत राजेळी आहे त्याच्यापुढे दोन वाटा असतात. केळी तशीच विकायची किंवा सोलून, दिवसच्या दिवस उन्हात वाळवून, पानात बांधून सुकेळी म्हणून विकायची. किलोला भाव अर्थातच सुकेळीला जास्त. पण वाळताना वजन घटतं, मेहनत लागते, ऊन दगा देऊ शकतं आणि गिऱ्हाईक केळ्याइतकं पटकन मिळत नाही. "केळी घरचीच आहेत, म्हणजे माल फुकटच" असं धरून हिशोब केला, तर सगळीच विक्री नफा वाटू लागते. प्रत्यक्षात ती केळी तशीच विकली असती तर जे पैसे मिळाले असते, तेवढा खर्च सुकेळीत आधीच घातलेला असतो.

हाच प्रश्न आणि हीच चूक ऑनलाइन गेममध्ये रोज होते. खेळाडू खाणीतून लोखंड काढतो, तलवार घडवतो, बाजारात विकतो आणि खूश होतो. त्याला खरंच काही सुटलं का?

मुळात कोणत्या गेमची गोष्ट चालली आहे?

विरार लोकलमध्ये मोबाइल आडवा धरून बसलेली मुलं बहुतेक वेळा बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळत असतात. त्यात हा प्रश्न येत नाही. तिथले कपडे, बंदुकांचे रंग कंपनीच विकते. खेळाडू काही बनवून दुसऱ्या खेळाडूला विकत नाही.

हा प्रश्न येतो तो ज्यात हजारो लोक एकाच जगात वर्षानुवर्षं राहतात आणि एकमेकांशी व्यापार करतात अशा गेममध्ये. २००१ चा रूनस्केप, २००३ चा ईव्ह ऑनलाइन, २००४ चा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट ही त्यातली जुनी नावं. आपल्याकडे सहज हाताला लागणारा म्हणजे अल्बियन ऑनलाइन. तो २०१७ मध्ये आला, २०२१ मध्ये मोबाइलवर आला आणि २०२३ मध्ये आशियासाठी त्याचा वेगळा सर्व्हर सुरू झाला. त्यामुळे भारी कॉम्प्युटर नसलेला खेळाडूही त्यात लोहार, शिंपी, सुतार होऊ शकतो. या गेममधली जवळपास प्रत्येक तलवार, चिलखत आणि झोळी कुठल्यातरी खेळाडूने बनवलेली असते.

अशा गेमच्या बाजाराकडे अर्थशास्त्रज्ञांनीही गंभीरपणे पाहिलं आहे. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन प्राध्यापकाने २००१ मध्ये एव्हरक्वेस्ट या गेममधल्या काल्पनिक देशाचं दरडोई उत्पन्न काढलं. ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान बसत होतं. ईव्ह ऑनलाइन बनवणाऱ्या आइसलँडच्या कंपनीने तर २००७ मध्ये गेमच्या बाजारावर लक्ष ठेवायला एक अर्थतज्ज्ञच नोकरीवर घेतला.

खर्च कुठे कुठे होतो?

कच्चा माल तर लागतोच. त्याशिवाय कौशल्य वाढवायला लागलेला माल, भट्टी किंवा कारखाना वापरण्याची फी, बाजारात वस्तू लावण्याचं शुल्क, विक्रीवरचा कर आणि माल एका शहरातून दुसऱ्या शहरात नेताना लुटला जाण्याचा धोका. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या लिलावघरात विक्रीच्या रकमेतून ५ टक्के कापले जातात. अल्बियनमध्ये साध्या खात्याला ८ टक्के कर, प्रीमियम खात्याला ४ टक्के आणि वस्तू विक्रीला लावताना वेगळे २.५ टक्के. ही रक्कम कोणाच्या खिशात जात नाही, ती गेममधून नाहीशीच होते. नाहीतर खेळाडूंकडे पैसा साचून महागाई बेसुमार वाढेल.

अल्बियनमध्ये एक गंमत आहे. वस्तू बनवली की वापरलेल्या मालातला काही भाग परत मिळतो. साध्या शहरात सरासरी १५.२ टक्के. ज्या शहराला त्या वस्तूची खासियत दिली आहे तिथे २४.८ टक्के. आणि 'फोकस' नावाचे गुण खर्च केले तर खासियतीच्या शहरात ४७.९ टक्के. हे गुण फक्त प्रीमियम खात्याला मिळतात, दिवसाला १०,००० आणि साठवता येतात जास्तीत जास्त ३०,०००.

आता आकडे मांडून पाहू. भाव उदाहरणादाखल घेतले आहेत, टक्के मात्र खरे आहेत. समजा एका तलवारीला बाजारभावाने १०,००० चांदीचा माल लागतो, भट्टीची फी ३०० आहे आणि तयार तलवार ८,५०० ला विकली जाते. मालापेक्षा वस्तू स्वस्त कशी, हा प्रश्न पडेल. मालाचा काही भाग सगळ्याच कारागिरांना परत मिळतो, म्हणून तयार वस्तूचा भाव तितका खाली आलेला असतो.

साधं खातं, खासियतीचं शहर. परतावा धरून माल पडला ७,५२० चा, अधिक फी ३००, एकूण ७,८२०. विक्रीतून ६८० कर आणि २१३ शुल्क गेलं, हातात आले ७,६०७. म्हणजे २१३ चा तोटा.

तीच तलवार, तेच शहर, पण खातं प्रीमियम. कर निम्मा झाला, हातात आले ७,९४७. नफा १२७. एवढ्यासाठी कोणी भट्टीपुढे उभं राहणार नाही.

आता फोकस वापरला. माल पडला ५,२१० चा, फी धरून ५,५१०. नफा २,४३७.

तिन्ही वेळा बटण तेच दाबलं, तलवार तीच बनली. नफा आला तो रोज मोजकेच मिळणाऱ्या फोकसमधून. म्हणजे हा खेळाडू तलवारी विकतोय असं दिसत असलं, तरी खरं तर तो आपला फोकस विकतोय. तो फोकस दुसऱ्या कामात, उदाहरणार्थ धातू वितळवण्यात, जास्त उत्पन्न देत असेल तर तलवार घडवणं ही चुकीची निवड ठरते. मुरलेले खेळाडू म्हणूनच एका तलवारीमागे किती सुटले हे विचारत नाहीत, एका फोकसमागे किती सुटले ते विचारतात.

मग स्वतः खणलेला माल?

तो फुकट नाही. ईव्ह ऑनलाइनच्या खेळाडूंमध्ये "मी खणलेलं खनिज फुकट असतं" हे वाक्य जुना विनोद म्हणून फिरतं. पण तो बाजारभावाइतका महागही नाही, हे मात्र हसणारे अनेकदा विसरतात. वरच्या उदाहरणातला ७,५२० चा माल साध्या खात्याने तसाच विकला असता, तर कर आणि शुल्क जाऊन ६,७३० हातात आले असते. तलवार करून विकली तर फी जाऊन ७,३०७ येतात. म्हणजे माल विकत घेणाऱ्याला जिथे २१३ चा तोटा होतो, तिथे स्वतः खणणाऱ्याला ५७७ जास्त मिळतात. कारण कच्च्या मालाच्या विक्रीवरचा कर त्याने भरलाच नाही. खणणारा आणि घडवणारा एकच असेल तर त्याला ही थोडी सूट मिळते. पण त्याला वाटत असतं की सगळेच्या सगळे ७,३०७ कमाई आहेत. आगाशीतल्या केळ्यांचं गणित तेच.

वस्तू मालापेक्षा स्वस्त का मिळते?

नवा खेळाडू सगळ्यात जास्त इथे चक्रावतो. बाजारात बघावं तर चामड्याच्या अंगरख्यापेक्षा त्याला लागणारं चामडं महाग. कोण वेडा तोटा सोसून शिवतोय?

तो वेडा नसतो. त्याला अंगरखा नकोच असतो, त्याला हवा असतो अनुभव, म्हणजे कौशल्याची पुढची पायरी. अंगरखा हा त्याच्यासाठी उरलेला भुसा, मिळेल त्या किमतीला काढायचा. रूनस्केपमध्ये एखादं कौशल्य ९९ व्या पातळीला न्यायला १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि ९२ वी पातळी गाठली की जेमतेम निम्मा रस्ता झालेला असतो. एवढा प्रवास करणारे हजारो लोक वाटेत लाखो वस्तू बनवून टाकतात. त्या घ्यायला तेवढे लोक नसतात. म्हणून शिकण्याच्या काळात बनणाऱ्या जवळपास सगळ्या वस्तू तोट्यातच विकल्या जातात आणि तो तोटा म्हणजे शिकण्याची फी.

ती फी वसूल होते का, हे वरच्या पातळीवर किती गर्दी आहे त्यावर ठरतं. कौशल्य शेवटपर्यंत नेणं फक्त वेळेचं काम असेल आणि कोणालाही जमत असेल, तर वर पोचल्यावरही तीच गर्दी भेटते आणि नफा पुन्हा शून्याच्या आसपास घुटमळतो. वर जायला काहीतरी अडसर असेल, दुर्मीळ नुस्खा, आठवड्याची मर्यादा, मोठं भांडवल किंवा जिवाचा धोका, तरच वर हवा मोकळी असते.

कमावतो कोण?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने नोव्हेंबर २०२२ मध्ये ड्रॅगनफ्लाइट हा नवा भाग आणला आणि त्यात कारागिरीची रचनाच बदलली. वस्तूंना दर्जा आला, कारागिराला एकाच शाखेत खोल शिरावं लागू लागलं आणि 'क्राफ्टिंग ऑर्डर' सुरू झाली. गिऱ्हाईक आपला माल देतो, कारागीर वस्तू बनवून मजुरी घेतो. वसई पूर्वेच्या वालीव-गोखिवरे भागातल्या छोट्या गाळ्यांना हे नवीन नाही, तिथे याला जॉबवर्क म्हणतात. माल पार्टीचा, मशीन आणि हात आपला. सोनाराच्या घडणावळीचाही प्रकार हाच. यात मालाच्या भावातली चढ-उतार कारागिराच्या अंगावर येत नाही, विक्री न होण्याची भीती नाही. कमाई ठरते ती 'हे काम चांगल्या दर्जाचं करणारे किती जण आहेत' यावर. त्यामुळे नवा भाग आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ज्याने एक शाखा नेमकी निवडली, तो भरपूर कमावतो. तीन महिन्यांनी तीच शाखा शिकलेला मजुरी शून्यावर आणून ठेवलेल्या रांगेत उभा असतो.

दुसरा कमावणारा म्हणजे माल वाहणारा. अल्बियनमध्ये खनिज वितळवण्याची खासियत थेटफर्ड शहराची, लाकडाची फोर्ट स्टर्लिंगची, कातड्याची मार्टलॉकची. बाजार प्रत्येक शहराचा वेगळा, भाव वेगळे आणि माल पाठीवर घालून स्वतः न्यावा लागतो. वसईच्या वाड्यांतली फुलं आणि भाजी पहाटे दादरला पोचली की किंमत बदलते, तसंच. फरक एवढाच की कॅरलिऑन शहराच्या वाटेवर दुसरे खेळाडू दबा धरून असतात आणि मेलात तर अंगावरचं आणि झोळीतलं सगळं जातं. लोकलमध्ये बसून हा उद्योग करणाऱ्याचं नेटवर्क भाईंदरच्या खाडीपुलावर गेलं, तर महिन्याची कमाई तिथेच संपू शकते. तरीही कॅरलिऑनला जातात, कारण तिथला काळा बाजार तयार शस्त्रं विकत घेतो आणि तीच पुढे राक्षसांना मारल्यावर इतरांना सापडतात.

कारागिराचं पोट मुळात वस्तू नष्ट होण्यावर चालतं. ज्या गेममध्ये एकदा घेतलेली तलवार कायम टिकते, तिथे लोहाराचं गिऱ्हाईक एकदाच येतं. ईव्ह ऑनलाइनमध्ये फुटलेलं जहाज परत मिळत नाही. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या तारामंडळात झालेल्या एका लढाईत सगळ्यात मोठ्या प्रकारची ७५ जहाजं फुटली आणि नुकसानीचा अंदाज सुमारे ३ लाख डॉलर निघाला. लढणाऱ्यांसाठी ते संकट होतं, जहाज बांधणाऱ्यांसाठी पुढची मागणी. म्हणूनच अनेक गेममध्ये भरवशाचा धंदा देखण्या तलवारीपेक्षा खाण्यापिण्याच्या वस्तूंचा असतो. औषधं, अर्क, शिजवलेलं जेवण. मोठ्या मोहिमेच्या रात्री ते संपतं आणि पुढच्या आठवड्यात परत लागतं.

तिसरा प्रकार बाजारात दिसतच नाही. मोठ्या संघांचे स्वतःचे कारागीर असतात. संघ त्यांना माल पुरवतो, त्यांच्या कौशल्याचा खर्च उचलतो, ते सगळ्यांना शस्त्रं देतात. गावच्या बलुतेदारीसारखं हे चालतं. लोहाराने सुगीआधी अवजारं शेवटून द्यायची, गावाने खळ्यावर धान्याचा वाटा द्यायचा. प्रत्येक फाळाचा वेगळा हिशोब नाही. अशा कारागिराला नफा-तोटा विचारण्यात अर्थ नसतो. मात्र बलुतेदारीत जे व्हायचं ते इथेही होतं. संघ फुटला की कारागिराच्या हातात कौशल्य उरतं आणि वाटा देणारं गाव उरत नाही.

खऱ्या रुपयांत किती?

हा प्रश्न शेवटी येतोच, विशेषतः घरून. काही गेममध्ये याचं मोजमाप अधिकृतपणे करता येतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २०१५ पासून टोकन आहे. गेममधलं सोनं देऊन ते घेता येतं आणि त्यावर पुढचा महिना खेळता येतो. ईव्हमध्ये प्लेक्स, अल्बियनमध्ये चांदीतून सोनं आणि सोन्यातून प्रीमियम. म्हणजे नालासोपाऱ्यातला एखादा खेळाडू महिनाभर भट्टी चालवून प्रीमियम काढत असेल, तर प्रीमियमची रुपयांतली किंमत भागिले त्याने घातलेले तास, हा त्याचा ताशी दर. बहुतेकांचा हा दर कागदावर मांडला तर कुठल्याही अर्धवेळ कामाच्या मजुरीपेक्षा खूपच कमी निघतो. खेळाचा खर्च खेळातून सुटला, इतकंच त्याचं मोल.

पोटासाठी खेळणाऱ्यांनी काय निवडलं, तेही बोलकं आहे. व्हेनेझुएलात चलन कोसळलं तेव्हा, २०१७ च्या सुमारास, तिथले अनेक जण रूनस्केप खेळून, सोनं विकून घर चालवत होते. ते हिरवे ड्रॅगन मारून हाडं आणि कातडी गोळा करत होते. त्या कातडीचे अंगरखे शिवायच्या भानगडीत पडायची त्यांना गरज नव्हती. कच्चा माल लगेच विकला जातो आणि तो घेणारे, कौशल्य वाढवण्यासाठी तोटा सोसणारे कारागीर, नेहमी हजर असतात. अशी पैशांत विक्री बहुतेक कंपन्यांच्या नियमांत बसत नाही आणि पकडलं गेलं तर खातं कायमचं बंद होतं, हेही तितकंच खरं. डायब्लो ३ ने २०१२ मध्ये खऱ्या पैशांचं लिलावघर स्वतःच काढून पाहिलं. मार्च २०१४ मध्ये ते बंद केलं, कारण लोक राक्षस मारायचं सोडून बाजारच खेळू लागले होते.

ॲक्सी इन्फिनिटीने २०२१ मध्ये 'खेळा आणि कमवा' म्हणत फिलिपिन्समध्ये घरोघर शिरकाव केला. तिथे नवे प्राणी पैदा करणं हीच कारागिरी होती आणि ते प्राणी विकत घेणारे बहुतेक जण तेच करायला आलेले नवे खेळाडू होते. नव्यांचा ओघ आटला तशी किंमत कोसळली. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याच्या गेमवर बंदी घातली. वर्गणी भरून मनोरंजनासाठी खेळायचे गेम त्यात वेगळे धरले आहेत. पण 'तलवार बनवा, रुपये काढा' अशी जाहिरात दिसली की ती कोणत्या बाजूला पडते हे आधी बघावं.

सुरू करण्याआधी काय बघायचं?

भाव बघून काही कळत नाही. दिवसाला किती नग विकले जातात ते बघावं. एक लाखाला लावलेलं चिलखत महिन्यातून एकदा विकलं जात असेल, तर तो भाव म्हणजे लावणाऱ्याची आशा. शक्य असेल तर कौशल्यावर काहीही खर्च न करता आठवडाभर नुसतं मालाचे आणि वस्तूचे भाव वहीत लिहावेत, कर वजा करावा. फरक आठवडाभर टिकला तर त्यात काही तथ्य आहे. एका दिवसापुरता दिसला तर तो तुमच्या आधी दहा जणांनी पाहिलेला असतो.

आणि जे फक्त कमाईसाठी येत नाहीत त्यांचा हिशोब वेगळा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये घडवलेल्या चिलखतावर बनवणाऱ्याचं नाव राहतं. दोन वर्षांपूर्वी तोट्यात विकलेला एखादा अंगरखा अनोळखी माणसाच्या अंगावर दिसतो, त्याखाली आपलं नाव असतं. लिलावघराच्या ५ टक्क्यांत ते कुठे बसत नाही, तरी बरेच लोहार त्यासाठीच भट्टी पेटती ठेवतात.